स्वयंपाकघरातली 'स्मृतिचित्रे'



गेल्या अंकात मी खिडकीतल्या कोथिंबिरीच्या कुंडीवर दोन पानं खर्ची घातली, तर चार-पाच जणींचे फोन आले. "कोथिंबीर छानच हो, पण तुम्ही पुस्तकांवर लिहिणार होतात, त्याचं काय झालं?" अगदी बरोबर. कबूल केलं होतं, राहून गेलं. तेव्हा आज पुस्तक. तेही नवं कोरं नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'.

आता तुम्ही म्हणाल, "हे तर आम्हांला शाळेत धड्याला होतं!" तेच तर त्या पुस्तकाचं दुर्दैव. धडा म्हटला की 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' आलं, बाईंचा खडू आला, आणि पुस्तकातलं हसू गेलं. मीही शाळेत दहा ओळी पाठ केल्या, मार्क मिळवले आणि लक्ष्मीबाईंना विसरून गेले. त्यांची माझी खरी ओळख झाली ती कॉव्हेंट्रीत, १९९१ सालच्या हिवाळ्यात, गॅस फायरसमोर. आणि ती करून दिली माझ्या सासूबाईंनी.

त्या नोव्हेंबरात सासूबाई पहिल्यांदाच इकडे आल्या होत्या. नाशिकच्या. सत्तरी उलटलेली, अंगकाठी किरकोळ, पण सोवळं भक्कम! सामानात निम्मे कपडे आणि निम्मं मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, कुळथाचं पीठ. शिवाय एक छोटं पातेलं, एक कालथा आणि स्टीलचा एक पेला. हे तिन्ही त्यांचे स्वतःचे. आमच्याकडे तेव्हा अंडं शिजायचं, मुलीसाठी कधीमधी चिकनही. त्यावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त शेगडीची उजवीकडची मागची चूल त्यांनी स्वतःसाठी घासून-पुसून घेतली आणि म्हणाल्या, "तुमचं तुम्ही करा हो, माझं मी करीन." भांडण नाही, तंटा नाही, नुसती एक रेघ मारली.

डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे वाचता येईना. दुपारी साडेतीनला अंधार. टी. व्ही. इंग्रजी. दोन स्वेटर आणि वर शाल घालून त्या खिडकीशी बसायच्या आणि समोरच्या ओल्या रस्त्याकडे बघायच्या. मला फार वाईट वाटायचं. माझ्या नणंदेनं त्यांच्याबरोबर काही पुस्तकं पाठवली होती, त्यांत हे एक निघालं. म्हटलं, "आई, रोज संध्याकाळी जेवणानंतर थोडं थोडं वाचून दाखवू का?"

"कुणाचं आहे?"

"लक्ष्मीबाई टिळकांचं."

"ती बाटली ना शेवटी?"

झालं! पहिलाच चेंडू आणि यष्टी उडाली. पण लक्ष्मीबाईंचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा, १८६८ सालचा, हे कळल्यावर सासूबाई जरा सावरून बसल्या. "जलालपूरची का? मग वाच. गावचं माणूस आहे." आपल्याकडे गावापुढे बाकी सगळं माफ असतं, हे तुम्हांला माहीतच आहे.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही, किंवा वाचून चाळीस वर्षं झाली आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लक्ष्मीबाई माहेरच्या गोखले, नाव मनकर्णिका. अकराव्या वर्षी लग्न झालं, नारायण वामन टिळकांशी. हे टिळक म्हणजे कवी. बुद्धिमान, दयाळू, तापट, आणि व्यवहारात शून्य. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. लहानग्या दत्तूला घेऊन त्या जवळजवळ पाच वर्षं नातेवाइकांच्या आधारानं नवऱ्यापासून लांब राहिल्या. मग त्याच्याजवळ गेल्या, पण आपला धर्म, आपलं सोवळं आणि आपली चूल घेऊन. पुढे १९०० साली त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला. शाळा नाही, शिक्षण नाही, लिहिता-वाचता आलं ते लग्नानंतर. आणि म्हातारपणी त्यांनी हे आत्मचरित्र लिहिलं. १९३४ पासून ते भागाभागांनी प्रसिद्ध झालं, आणि १९३६ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या.

एवढी हकीकत ऐकून वाटेल, रडकं पुस्तक असणार. अजिबात नाही! ही बाई रडण्याच्या जागी हसते. नवऱ्याला हसते, नातेवाइकांना हसते, सगळ्यांत जास्त स्वतःला हसते. वाक्यं छोटी, सरळ, ओसरीवर बसून शेजारणीला सांगावं तशी. पहिल्याच आठवड्यात सासूबाई पदराला डोळे पुसून हसायला लागल्या. आमची नऊ वर्षांची लेक वरच्या खोलीतून खाली यायची. मराठी निम्मं कळायचं, पण आजी का हसते ते बघायला यायची.

आणि एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात आली. हे पुस्तक धर्मांतराचं म्हणून ओळखलं जातं, पण त्यातला पुष्कळसा संसार घडतो तो स्वयंपाकघरात. कोण कुणाच्या हातचं खातं, कोण कुणाच्या घागरीला शिवतं, आला-गेला किती, पानं किती, आणि घरात दाणे किती!

सुरुवातच बघा. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झालं. त्या धक्क्यानं लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर परिणाम झाला आणि ते सोवळ्याच्या नादी लागले. नाद म्हणजे किती? तर बाजारातून आणलेलं धान्यसुद्धा धुतल्याशिवाय घरात घ्यायचं नाही. त्यापायी घरातल्या बायकामुलांचे हाल. लक्ष्मीबाई हे सगळं विनोदानं सांगतात, पण मला वाचताना मध्येच थांबावं लागलं. एका माणसाला भीती बसली, आणि ती भीती त्यानं धान्याबरोबर धुवायला घेतली. भीती काही धुऊन गेली नाही, घरातल्या बायकांचे हात मात्र पाण्यात राहिले.

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या मोठ्या काकूंचं असंच होतं. त्या लाकडं धुऊन घ्यायच्या चुलीत घालायला." आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की वरून ह्यांनी ओरडून विचारलं, "काय झालं?"

आता जरा शेजारी चला. आमच्या डाव्या हाताच्या घरात एक आयरिश आजी राहायच्या. एकट्या. नवरा गाड्यांच्या कारखान्यात होता, तो वारलेला, मुलं लांब. ख्रिसमसला त्यांनी आमच्याकडे मिन्स पाय आणून दिले. घरी केलेले, वर साखर भुरभुरलेली. आता मिन्स पायमध्ये मनुका, बेदाणे, सफरचंद, सगळं चांगलं असतं, पण जुन्या पद्धतीनं केले तर त्यात सूएट घालतात. म्हणजे गुराच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. हल्ली व्हेजिटेबल सूएट सर्रास मिळतं, पण त्या आजींचा हात जुना. मी दारातच हसून सांगितलं, "माफ करा हं, माझ्या सासूबाई व्हेजिटेरियन आहेत." त्यांनी "अरेरे, माझ्या लक्षातच आलं नाही," म्हटलं आणि डबा परत नेला.

ह्यात चुकीचं काय? काहीच नाही. आपण सगळ्यांनीच इकडे येऊन पाकिटं उलटीपालटी करून बारीक अक्षरं वाचायची विद्या शिकून घेतली. जिलेटिन कशात आहे, चीजमध्ये रेनेट कुठलं, बिस्किटात कसली चरबी. खाण्याचा नियम ज्याचा त्याचा, आणि तो पाळायला लाज कसली?

पण फेब्रुवारीत बर्फ पडलं. १९९१ चा तो फेब्रुवारी इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. गाड्या बंद, शाळा बंद. आम्ही दोघं कसेबसे कामावर पोचलेले, लेक मैत्रिणीकडे, आणि सासूबाई एकट्या घरी. आणि नेमका त्याच दिवशी आमच्या बॉयलरनं जीव सोडला. घर थंडगार. सासूबाईंना फोन लावता येईना, इंग्रजी येईना. त्या सगळ्या शाली गुंडाळून खिडकीशी बसून राहिल्या.

शेजारच्या आजींनी ते बघितलं. स्वतः पंचाहत्तरीच्या, पण त्या बर्फातून विजेचा हीटर ओढत घेऊन आल्या. तो लावला. परत जाऊन थर्मासमध्ये चहा घेऊन आल्या आणि दोन मग. मी संध्याकाळी पोचले तेव्हा दोघी हीटरसमोर बसलेल्या. एकीला मराठी येत नाही, दुसरीला इंग्रजी येत नाही, आणि गप्पा चालल्या होत्या! मला भरून आलं. आजींचे किती आभार मानू आणि किती नको असं झालं.

त्या गेल्यावर मी मग उचलायला गेले. एकच मग वापरलेला. दुसरा कोरडा. आणि सासूबाईंच्या हातात त्यांचा स्टीलचा पेला.

"आई, त्यांच्या मगमधून नाही घेतलात?"

"नाही बाई. पेला पुढे केला, तिनं वरून ओतलं. समजूतदार आहे हो."

मी काही बोलले नाही. चहा तोच, दूध तेच, पाणी तेच. फक्त मगला तोंड लावायचं नव्हतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी आमचं वाचन त्या भागाला आलं, जिथे लक्ष्मीबाई नवऱ्याजवळ परत राहायला जातात. टिळक ख्रिस्ती, आसपास सगळे ख्रिस्ती, आणि ह्या बाईचं पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. जे माणूस आपलं, ज्याच्यासाठी पाच वर्षं झुरली, त्याच्याच जगाला शिवायचं नाही! केवढी ती कसरत, आणि कुणाचीही कटकट न करता टिळकांनी ते सगळं चालू दिलेलं. मग एक दिवस विचार करता करता लक्ष्मीबाईंच्या मनात येतं की हे भेद देवानं केले असते तर ते माणसांच्या अंगावर दिसले असते. जनावरांत दिसतात तसे. माणसांत तर दिसत नाहीत. म्हणजे ते माणसांनीच केले. आणि त्या ठरवतात, आजपासून कुणाच्याही हातचं चालेल. लक्षात घ्या, हे ठरलं तेव्हा त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. आधी पाण्याची रेघ पुसली, धर्माचं पुढे.

मी वाचत होते आणि सासूबाई गप्प होत्या. नेहमी मध्ये मध्ये बोलायच्या, "हो गं," "अगदी अस्संच," "नाशकातलीच दिसते." त्या रात्री काही नाही. मला वाटलं, झोपल्या. पुस्तक मिटलं तर म्हणाल्या, "किती वर्षांची होती गं ती तेव्हा?"

"तिशीची असेल."

"आणि मी त्र्याहत्तर." एवढंच. आणि उठून झोपायला गेल्या.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी शिरा केला. केळं घालून, त्यांच्या त्या खास पातेल्यात. डब्यात भरला आणि मला म्हणाल्या, "चल, शेजारी जाऊन येऊ. हीटर परत द्यायचा ना?" हीटर मी तीन दिवसांपूर्वीच परत दिला होता, पण म्हटलं, चला.

आजींना काय आनंद झाला! त्यांनी शिरा चमच्यानं खाल्ला आणि विचारलं, "हे पुडिंग का?" मी म्हटलं, "हो, तसंच." मग त्यांनी चहा केला. कप-बश्या काढल्या, निळ्या फुलांच्या, लग्नातल्या असाव्यात. एका कपाला बारीक तडा गेलेला, तो त्यांनी स्वतःकडे घेतला. आणि बशीत केक.

सासूबाईंनी केककडे बोट करून माझ्याकडे बघितलं. "अंडं?"

मी मान हलवली.

त्यांनी हात जोडून, अगदी गोड हसून, केकची बशी पुढे सरकवली. आणि चहाचा कप उचलला. थांबल्या नाहीत, इकडेतिकडे बघितलं नाही. कपाला तोंड लावून प्यायल्या.

घरी परत येताना मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आई, केक नको म्हणालात ते बरं केलंत."

"केकात अंडं होतं. कपात काय होतं?"

मंडळी, मी ह्या देशात तेव्हा बारा वर्षं राहिले होते. डिग्री होती, नोकरी होती. पण 'नको'चे दोन प्रकार असतात, हे मला त्या दिवशी रस्त्यावरच्या चिखलबर्फात उभं राहून कळलं. एक 'नको' पानात काय वाढलंय त्याला. दुसरं 'नको' कुणी वाढलंय त्याला. पहिलं सांगायला लाज वाटत नाही. दुसरं सांगता येत नाही, म्हणून आपण ते पहिल्याच्या पदराआड लपवतो. "आम्ही व्हेजिटेरियन आहोत हो," म्हणतो आणि सुटतो.

गोष्ट इथे संपली असती तर मी हे लिहिलंही नसतं. सून सुधारलेली, सासू जुन्या वळणाची, आणि पुस्तकानं सासू बदलली. छान झालं, सुखी संसार! पण सासूबाई माझ्यापेक्षा हुशार.

चारच दिवसांनी बॉयलर दुरुस्त करायला माणूस आला. मी त्याला चहा केला. सासूबाई स्वयंपाकघरातच मेथी निवडत बसल्या होत्या. (फोलशिल रोडवरून आणलेली, जुडी महाग म्हणून एकेक पान निवडायचं.) तो माणूस गेल्यावर त्यांनी विचारलं, "काय गं, ते खालच्या फळीवरचे दोन मग कुणाचे?"

"कुणाचे नाहीत. असेच."

"असेच कसे? आपण कधी घेत नाही त्यांतून. नळवाला आला तेव्हा एक काढलास, आज एक काढलास. मग धुऊन पुन्हा खालीच."

मी म्हटलं, "आई, ते लोक काय काय खातात..." आणि माझं मलाच ऐकू आलं. माझ्या स्वतःच्या घरात चिकन शिजत होतं! ते लोक काय खातात म्हणजे? मी काय खात होते?

ते दोन मग मी मुद्दाम वेगळे ठेवले होते का? देवाशपथ, मला आठवत नाही. पण हाताला ठाऊक होतं. आणि हाताला कुठून ठाऊक, तेही मला आठवलं. सांगलीला आमच्या माहेरी, मागच्या दारी, मोरीच्या वरच्या कोनाड्यात एक कानतुटका कप असायचा. संडास झाडायला येणाऱ्या बाईंचा. आई त्यांना रोज चहा द्यायची. पातेल्यातून वरून ओतायची. माझी आई प्रेमळ होती हो, सणाला त्यांना लुगडं द्यायची, त्यांच्या मुलाच्या फीसाठी तिनं पैसे दिले होते. पण कप कोनाड्यात. त्या स्वतःच तो धुवायच्या आणि पालथा घालायच्या. मी लहानपणी त्या कपाला कधी हात लावला नाही. कुणी 'लावू नको' म्हटल्याचंही आठवत नाही. आणि त्या बाईंचं नाव मला आजही माहीत नाही.

तो कोनाडा मी सांगलीहून कॉव्हेंट्रीला आणला. कस्टमवाल्यांनी लोणच्याची बरणी उघडून बघितली होती, हे त्यांना दिसलं नाही.

त्या संध्याकाळी ते दोन मग मी वरच्या फळीवर ठेवले, आमच्या मगांत मिसळून. काही फार मोठं केलं नाही. पुढे कित्येक महिने माझा हात ते चुकवायचा, हेही सांगून टाकते.

सासूबाई एप्रिलमध्ये परत गेल्या. पुस्तक पुरं झालं होतं. शेवटचे भाग ऐकताना त्यांना सगळ्यांत काय आवडलं असेल, तर टिळकांच्या घरात सतत वाढत जाणारी माणसं. नकुशी नावाची पोर त्यात आहे. नावच बघा, नको असलेली म्हणून नकुशी! तिला लक्ष्मीबाईंनी घरात घेतलं. बालकवी ठोमरे नगरला त्यांच्याच घरी राहिले, त्या घरचंच जेवले. पैशांची कायम ओढाताण, आणि दाराशी कायम कुणीतरी. ज्या मुलीच्या बापाघरी दाणे धुऊन आत घेत, तिच्याच घरी पुढे कुणीही न धुता आत येऊ लागला. "एवढी माणसं जेवली तिच्याकडे," सासूबाई म्हणाल्या, "आता तिला बाटली कोण म्हणणार?" त्यांचं सोवळं सुटलं नाही, बरं का. पातेलं आणि कालथा त्यांनी जाताना परत नेला. पेला मात्र इथेच विसरल्या. की ठेवून गेल्या, कोण जाणे.

ह्या पुस्तकाला जोडून दोन पुस्तकांची नावं सांगते आणि थांबते.

एक आपल्या अगदी जवळचं. सरोजिनी वैद्यांचं 'कहाणी लंडनच्या आजीबाईंची'. विदर्भातल्या राधाबाई वनारसे. पहिला नवरा गेला, पदरी मुली, अक्षरओळख नाही. दुसऱ्या लग्नानं लंडनला आल्या आणि इथे जेवणाघराच्या जोरावर उभ्या राहिल्या. इथलं रेशनिंग १९५४ च्या जुलैपर्यंत चालू होतं, हे आठवलं म्हणजे त्या काळात घर सोडून आलेल्या पोरांना रोज आपलं जेवण वाढणं ही काय चीज होती ते कळतं. जुन्या लंडनकर मंडळींच्या बोलण्यात आजीबाईंचं नाव निघालं की पहिल्यांदा आवाज मऊ होतो आणि मग भुकेची आठवण निघते. त्या कहाणीवर पुढे नाटकही आलं.

दुसरं पुस्तक उलट्या बाजूचं. उर्मिला पवारांचं 'आयदान', २००३ साली आलेलं. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू. त्यांची आई टोपल्या, सुपं विणून विकायची. वरच्या जातींच्या घरांत त्या टोपल्या पाणी शिंपडून आत घेत, आणि पैसे वरून हातावर टाकत. हे वाचलं तेव्हा मला लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं धुतलेलं धान्य आठवलं, आणि मग आमचा कोनाडा. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण पाणी शिंपडणाऱ्यांच्या घरातून बघतो. 'आयदान' वाचताना दाराबाहेर उभं राहून. दोन्ही वाचल्याशिवाय उंबरठा दिसत नाही. आणि 'आयदान'मध्ये कोकणातल्या माशांचं, गरिबीतल्या कालवणाचं असं काही वर्णन येतं की भूक लागते. रडवणारं आणि भूक लावणारं पुस्तक एकच असू शकतं.

आमची लेक आता चाळिशी पार करून गेली. लीड्सला असते. मराठी बोलते, पण वाचता येत नाही. हे माझं अपयश, त्याबद्दल पुन्हा कधीतरी. शांता गोखल्यांनी 'स्मृतिचित्रे'चं इंग्रजी भाषांतर केलं, ते २०१७ साली निघालं. ते मी तिला वाढदिवसाला पाठवलं. महिनाभर काही नाही. मग एका रात्री अकराला फोन. मला वाटलं, काय झालं!

"आई, हेच का गं ते, ज्याला आजी हसायची?"

"हेच."

"पण ह्यात एकही रेसिपी नाही! मला वाटलं तुझ्या त्या खाण्याच्या आठवणींच्या पुस्तकांसारखं असेल."

"नाही. ह्यात कृती नाहीत."

थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "आई, आपल्या मावशी-काकूंकडे अजून कुणाकडे असतो का गं, वेगळा कप?"

मी तिला सगळं सांगितलं. आजीच्या पेल्याचं, आजींच्या निळ्या कपाचं, खालच्या फळीचं आणि कोनाड्याचंही. माझी बाजू सावरून सांगायचा मोह झाला, पण लक्ष्मीबाई स्वतःला कुठे सावरतात? जसं होतं तसं सांगितलं. लेक म्हणाली, "हे तू लिहून का ठेवत नाहीस? भाजणीचं प्रमाण तेवढं चार वेळा लिहून पाठवलंस." म्हणून हा लेख.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. पुढच्या अंकासाठी पाककृती पाठवाच, संपादक वाट बघताहेत. दिवाळीच्या फराळाचीही सोय व्हायला हवी. पण त्याबरोबर तुमच्या घरातल्या एखाद्या कपाची, ताटाची, वेगळ्या चुलीची गोष्ट आठवत असेल, मग तो कप तुम्ही वेगळा ठेवलेला असो की तुमच्यासाठी कुणी वेगळा ठेवलेला असो, तर तीही चार ओळींत लिहून पाठवा. नाव घालायचं नसेल तर घालू नका.

आणि 'स्मृतिचित्रे' घरात असेल तर शोधून काढा. मोठ्यांदा वाचा, कुणालातरी ऐकवा. वाचून झाल्यावर चहा कराच. सासूबाईंचा पेला अजून आमच्या फळीवर आहे. परवा घरात रंग लावायला माणूस आला होता. मग सगळे सिंकमध्ये पडलेले, म्हणून त्याला त्यातच चहा दिला. "गरम लागतो हो हाताला," म्हणाला, पण सगळा प्यायला.